बिनउंबऱ्याची जागा

२ नोव्हेंबर, रविवार

ठरलं! अंगणात जेवायची जागा करायची. करंजाखाली, तारेच्या कुंपणाला लागूनच. खाली ओटा, मधे दगडी टेबल, दोन्ही बाजूंना बसायला कट्टे, वर पत्रा. आणि एका कडेला चूल.

करणला फोनवर सांगितलं. सुप्याहून बोलतो तेव्हा मागे कंपनीची घरघर चालूच असते. म्हणाला, "आई, तू एकटी. आतल्या टेबलाच्या खुर्च्या रिकाम्या पडल्यात, बाहेर अजून कशाला?"

मुद्दा बरोबर आहे. मुलांचे मुद्दे बरोबर असले की मला जास्त राग येतो. शाळेतही यायचा.

मे अखेर रिटायर झाले. तोवर दिवसभर 'बाई, बाई' चालायचं — बाई यानं मारलं, बाई पाणी पिऊ, बाई हिनं माझं खोडरबर घेतलं. वैताग यायचा नुसता! आता डेअरीची गाडी येते, तो पोरगा हॉर्न वाजवतो, तर त्याला काहीबाही विचारून धरून ठेवते. त्याच्याही ते लक्षात आलंय, गाडी बंदच करत नाही. शाळेचं टाचण लिहून लिहून हाताला सवय लागली, म्हणून हे लिहायचं. जेवताना टीव्ही लावते. बघत नाही. कुणीतरी बोलत असावं, एवढंच.

३ नोव्हेंबर

खरं कारण करणला सांगितलेलं नाही. इथे लिहायला काय हरकत आहे?

मला कडूअक्काबरोबर जेवायचं आहे.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. तारेपलीकडे तिचं घर, अलीकडे माझं. वस्तीवर ही दोनच घरं, बाकी चहूकडे ऊस. तिची दिपाली श्रीरामपूरला दिलेली, माझा करण सुप्याला. नवरे — सख्खे भाऊ — दोघांचेही फोटो भिंतीवर गेले. आणि आम्ही दोघी एकमेकींशी बोलत नाही!

भांडण माझ्या घराच्या वास्तुशांतीचं. आवतण सकाळीच दिलेलं होतं. पण आमच्याकडे नुसत्या आवतणावर कुणी येत नाही. ताटं वाढली की घरातल्या माणसानं परत जाऊन 'चला' म्हणायचं, मग माणूस उठतं. हे म्हणाले, "सख्ख्या भावाला कसलं दुसरं बोलावणं? येईल की." थोरले दीर धुतलेला सदरा घालून ओसरीवर बसून राहिले. पहिली पंगत उठली, दुसरी उठली. शेवटी आचारी जेवले तरी दीर बसलेलेच. संध्याकाळी तारेपाशी आले आणि शपथ घातली — "आजपासनं तुमचा उंबरा वलांडनार न्हाई. तुमच्या चुलीचं खानार न्हाई. मी न्हाई आन माझ्या घरातलं बी कोनी न्हाई."

आणि पाळली! हे गेले तेव्हा दीर आले, पण अंगणात. अंगणातूनच खांदा दिला, ढसाढसा रडले. आत पाय टाकला नाही. दहाव्याला घास घेतला नाही. गेल्या वर्षी आषाढात तेही गेले. माणूस गेलं तरी शपथ तिथेच. कोण सोडवणार? घालणाराच सोडवू शकतो.

पण काल भांडी घासताना एकदम डोक्यात आलं. अंगणात तर आलेच होते की ते! अंगणाला उंबरा कुठे असतो? आणि अंगणातली चूल म्हणजे घरची चूल नव्हे. नवी माती, नवी काडेपेटी, घरातला विस्तव न्यायचाच नाही. शपथेला कुठे धक्का लागतो?

वकील व्हायला हवं होतं मी. उगीच पाढे शिकवत बसले.

६ नोव्हेंबर

वैजनाथ गवंडी आला. बोलका माणूस. एका मापाला दोन गोष्टी सांगतो. "बाई, तारंपासनं जरा लांब घ्या की, पलीकडून शेळ्यांचा वास येतो." म्हटलं, इथेच. वास येऊ दे.

अक्का पलीकडे शेळीला पाला टाकत होती. आमच्यात बोलणं नाही, पण ऐकवणं आहे. ती शेळीला सांगते, मी कोंबड्यांना. वर्षानुवर्षं असंच चाललंय. उसाला पाणी कधी सुटणार, वायरमन कधी येणार, सगळं ह्या जनावरांमार्फत कळतं.

आज म्हणाली, "बघ गं चंद्रे, घरात टेबल-खुर्च्या असतानी लोकान्ला भाईर धुळीत जेवायची हौस आलीया."

मी कोंबडीला म्हटलं, "काय करता बाई, आत एकटीला घास उतरत नाही."

टोमणा मारायचा होता. तोंडातून हे निघालं. शेळीकडून उत्तर आलं नाही. पाला टाकायचा हातही थांबला होता.

९ नोव्हेंबर, रविवार

अश्विनीनं — सुनेनं — मोबाईलवर फोटो पाठवले. बांबूचं छत, लोंबते दिवे, कट्ट्यांवर पांढऱ्या उशा. पांढऱ्या! एका फोटोत टेबलामागे समुद्र. "आई, असं करू या ना, खूप भारी दिसेल." पोरीला हौस आहे. आमच्या टेबलामागे समुद्र नाही बाई, दोनशे पासष्ट जातीचा ऊस आहे आणि त्यात बिबट्या. मागच्या आठवड्यात कालव्याकडच्या वस्तीवरून कुत्रं नेलं. दिवे लावून रात्री जेवायला बसलो तर आपणच वाढलेलं ताट!

दुपारीच जेवायचं.

१३ नोव्हेंबर

वैजनाथ आला नाही. 'उद्या' म्हणतो. गवंड्याचं उद्या कॅलेंडरात नसतं.

१७ नोव्हेंबर

आला एकदाचा. पाया खणला.

शेळी तारेखालून घुसली आणि वाळूच्या ढिगावर जाऊन उभी राहिली. अक्का कुंपणाशी येऊन ओरडली — "मागं ये चंद्रे! बिनबोलावता कुनाच्या दारात जाऊ न्हाई. कुनी हाक मारली तर जावं. आपली इज्जत आपन राखावी!"

लागलं मला. दीर गेले तेव्हा मी तिच्या अंगणात जाऊन बायकांत बसले होते. तिनं मान वर करून पाहिलंसुद्धा नव्हतं. तेच काढलं आज. बिनबोलावता आलीस, म्हणे! मयताला कुणी बोलावणं धाडतं का?

वैजनाथला चहा द्यायचा होता, तोही विसरले. त्यानंच आठवण केली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज डोकं फिरलं.

राहुरीला बँकेत गेले होते. परत येऊन बघते तर ओटा झाला होता छान, कडेनं गुडघाभर भिंत, आणि आत जायच्या वाटेवर — उंबरा! चांगला कडाप्प्याचा, घोटलेला. वर हळदकुंकू. एक फूलही होतं जास्वंदीचं, माझ्याच झाडाचं.

"मोकळी वाट बरी दिसत न्हाई बाई," वैजनाथ खुशीत. "आन पावसाचं पानी आत यील. म्हनलं, बाई न्हाईत तवर उंबरा बसवून टाकावा."

"काढा!"

"आँ?"

"काढा म्हणते ना. आत्ता."

"आवो, बसवलेला, पुजलेला उंबरा काढत न्हाईत. घरधनिनीला वाईट आसतं त्ये."

"हे घर नाही. आणि माझ्या वाईटाचं मी बघीन."

काय सांगणार त्याला? की मला पाणी आत आलेलं चालेल, धूळ आलेली चालेल, फक्त ओलांडायला काही नको? छिन्नी घेऊन बसला बिचारा. ठोकताना पुटपुटत होता. फूल आधी उचलून बाजूला ठेवलं त्यानं, हे मात्र पाहिलं मी.

अक्का सगळा वेळ तारेपाशी उभी होती. एक शब्द नाही. शेळीलासुद्धा नाही. तिला कळलं असेल का मी काय करतेय? कळलं असेल तर राग आला असेल, की काय?

२३ नोव्हेंबर

करणचा फोन. "आई, तू बरी आहेस ना? वैजनाथमामा म्हणत होते..." गाव झोपेत असलं तरी बातमी जागी. म्हटलं, बरी आहे. "झोप लागते ना? गोळी घेतेस ना बीपीची?" घेते. "पुढच्या रविवारी येतो." ओव्हरटाईम लागला नाही तर, हे त्यानं म्हटलं नाही, मी मनात म्हटलं.

२८ नोव्हेंबर

दिवेलागणीला बिबट्या आला. उसाच्या कडेला शेळीचा तो आवाज — अंगावर काटा येतो. अक्का ओरडली, "आलं गं, आलं!" कुणाला ओरडली? मी हातातलं ताट आणि पळी घेऊन बाहेर धावले. तीही ताट घेऊन. दोघी तारेच्या दोन बाजूंना उभ्या राहून थाळ्या बडवत होतो, घसा फुटेस्तोवर हाड्-हाड् करत होतो. उसात सळसळ झाली, लांब गेली.

मग सगळं एकदम शांत. दोघींना धाप लागलेली. ती माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे. किती म्हातारी झालीय! एवढ्या जवळून कधी नीट पाहिलंच नव्हतं. 'अक्का, लागलं का हो कुठं' — एवढं ओठांवर आलं होतं. तेवढ्यात ती शेळीकडे वळली. "चल चंद्रे. गेलं त्ये." दार लागलं.

मीही आत आले. त्याच ताटात वाढून घेतलं. चेपलं होतं एका कडेला. टीव्ही नाही लावला.

एकटं वाटतं. फार एकटं वाटतं. लिहून टाकते, कुणाला सांगायचं नाहीये तर.

१ डिसेंबर

टेबल बसलं! शहाबादी फरशी, चांगली आठ माणसं बसतील. चूल मी स्वतः लिंपली. वैजनाथ निघताना म्हणाला, "बाई, कोन कोन येनार आता जेवायला?" म्हटलं, येतील.

तो गेल्यावर जरा वेळ बसून पाहिलं. कोपऱ्यात बसले. मधोमध बसायचा धीर होईना.

६ डिसेंबर, शनिवार

उद्या उद्घाटन. करण-अश्विनी नक्की येतात म्हणाले. हुलग्याचं शेंगोळं करणार. अक्काला जीव की प्राण. नवीन सून होऊन आले तेव्हा तिनंच शिकवलं — पीठ घट्ट मळ, लसूण सढळ हातानं घाल, आणि ढवळू नकोस सारखं. बाजरीच्या भाकरी, मेथी, ठेचा.

संध्याकाळी कोंबड्या कोंडताना मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, "उद्या दुपारी बाहेर शेंगोळं आहे गं. नवी चूल. घरातला विस्तवसुद्धा घेणार नाही. उंबरा तर नाहीच. ज्याला यायचं त्यानं खुशाल यावं!"

पलीकडे भांडं वाजायचं थांबलं. ऐकलंय. नक्की ऐकलंय.

७ डिसेंबर, रविवार

करण आला नाही. सकाळी फोन — मशीन बंद पडलंय, सुट्टी रद्द. "आई, सॉरी ना. पुढच्या रविवारी." अश्विनी मागून काहीतरी म्हणत होती, ते ऐकूच आलं नाही.

असू दे. खरं आवतण तर पलीकडेच होतं.

स्वयंपाक केला. धुरानं डोळे लाल. दोन ताटं वाढली. समोरासमोर. बसले.

अक्का तिच्या ओसरीवर होती. धुतलेलं लुगडं, वेणी घातलेली, कुंकवाच्या जागी बुक्का. हात मांडीवर. नटून बसली होती आणि उठत नव्हती! माझ्याकडे बघायची, मग खाली बघायची. मी वाट बघतेय, ताटावर माशा बसतायत, आणि ही ढिम्म! मला दाखवायलाच बसली असणार. बघ, ऐकलं तुझं, तरी येत नाही.

शेंगोळं गार होऊन घट्ट झालं. एकटीनं खाल्लं. दुसरं ताट कुत्र्यापुढे ठेवलं.

एवढा सिमेंट-दगड कशासाठी केला मी? वेडी आहे.

८ डिसेंबर

भांडी घासली.

१० डिसेंबर

अश्विनीचा फोन. करण घरी नव्हता, म्हणून मोकळेपणी बोलली. रविवारी काय झालं विचारलं, आणि मी सगळं सांगून टाकलं! शपथ, उंबरा, शेंगोळं, ओसरीवर नटून बसणं. सुनेला! जिला अजून माझ्यासमोर नीट पाय पसरून बसता येत नाही. शांतपणे ऐकलं पोरीनं.

मग म्हणाली, "आई, ताटं वाढल्यावर तुम्ही बोलवायला गेला होता का त्यांना?"

"सांगितलं होतं की आदल्या दिवशी."

"कुणाला?"

"...कोंबडीला."

हसली.  

फोन ठेवला तरी तिथेच बसून होते. धुतलेलं लुगडं. मांडीवर हात. अक्का मला दाखवायला बसली नव्हती. वाट बघत बसली होती. दीर जसे बसले होते तशीच, त्याच ओसरीवर. आणि मी कट्ट्यावर बसून ताटाकडे बघत होते! इतकं सगळं बांधलं आणि तारेपर्यंत चालत गेले नाही.

१४ डिसेंबर, रविवार

परत शेंगोळं. करणला ये म्हटलंच नाही. दोन ताटं वाढली आणि तारेपाशी गेले. पोरांच्या वर्गावर आयुष्य गेलं माझं, आवाज कधी अडला नाही. आज अडला. शेळी मधेच उभी होती, तिच्याकडे पाहिलं नाही.

"अक्का! चला जेवायला. ताटं वाढलीत."

ती आतून आली. दारात उभी राहिली. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. परत हाक मारणार, तेवढ्यात म्हणाली, "थांब, हात धुऊन आले." एवढंच! जसं काही रोज जेवतो आम्ही.

फाटकातून वळसा घालून आली. टेबलावरून हात फिरवला, पत्र्याकडे बघितलं. "झ्याक केलंया. पर वारं लई हाय गं, धूळ पडंल ताटात."

आणि एक ताट उचलून घराकडे चालायला लागली. पायरीशी चपला काढल्या.

"अक्का! उंबरा!" मी ओरडलेच.

"दिसतोय मला. म्हातारी झाले, आंधळी न्हाई झाले."

आली की आत! सरळ स्वयंपाकघरात. खुर्ची नको म्हणाली, खाली बसली ओट्याला टेकून. मी दुसरं ताट घेऊन समोर. दोनदा मागून घेतलं शेंगोळं. "मीठ कमीच घालतीस अजून," म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "खा की गं सविते, का नुसतीच बघत बसतीस?" मला रडू फुटलं. तिनं माझ्या ताटात भाकरीचा चतकोर ठेवला.

शपथेचं विचारायचा धीर झाला नाही.

१५ डिसेंबर

आज तारेपाशी विचारलं. अक्का म्हणाली, "शपथ? ती तर त्यांनी दवाखान्यातच सोडली. 'सुटली,' म्हनले, 'मी गेल्यावर सविताकडं जात जा, दोघीच ऱ्हाताल.' तुला ठावंच न्हाई व्हय? मी म्हनलं, तूच अजून मनात धरून हायस. म्हून तर हाक मारीत न्हाईस."